हौसेची गाडी आणि सहधर्म

दोघांच्या संसारात एकाने केवळ हौसेसाठी, घराच्या फारशी उपयोगी न पडणारी महागडी वस्तू घ्यावी का, आणि घेतली तर त्या निर्णयात जोडीदाराचा वाटा किती, हा गृहस्थधर्मातला जुना प्रश्न आहे. स्पोर्ट्स कार हे त्याचे आजचे सर्वांत ठळक रूप. दोनच माणसांची जागा, सामानाला जेमतेम कोपरा, जमिनीलगतचा तळ आणि अख्ख्या कुटुंबाला पुरणाऱ्या गाडीच्या कितीतरी पट किंमत. व्यवहाराच्या कोणत्याही हिशेबात ती बसत नाही, तरी ती हवीशी वाटते. ज्याला ती हवी असते त्याच्या जोडीदारालाही तिच्याबद्दल काहीतरी वाटत असतेच. कधी ती भीती असते, कधी राग, कधी अभिमान, कधी निखळ आनंद. या भावनांना धर्मविचारात काही वजन आहे का, हे येथे पाहायचे आहे.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातले सायखेडा या प्रश्नासाठी चांगले उदाहरण ठरते. गाव गोदावरीच्या काठी, पुलापलीकडे चांदोरी. भोवती कांदा, ऊस आणि द्राक्षे. रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर आणि गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 मध्ये गोदावरीला आलेल्या पुरात सायखेडा आणि चांदोरीत पाणी शिरले होते. भारतीय रस्ते मानकांत गतिरोधकाची उंची 10 सेंटिमीटर धरलेली आहे. गावोगावी घातलेले उंचवटे अनेकदा त्याहून चढे असतात, आणि बहुतेक स्पोर्ट्स कारचा तळ जमिनीपासून 10 ते 14 सेंटिमीटरच वर असतो. अशा मुलखात ती गाडी चालवणे म्हणजे दर फर्लांगावर जीव मुठीत धरणे.

म्हणून इथल्या हौसेने आपल्या मातीला साजेशी रूपे घेतली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे तीन दारांची थार. तिचे आजचे रूप 15 ऑगस्ट 2020 रोजी लोकांसमोर आले आणि ती नाशिकच्याच कारखान्यात तयार होते. ती दगडधोंड्यांतून चढते, चिखलातून निघते. पण घरातली म्हातारी सासू मागच्या सीटवर बसायची तर आधी पुढची सीट वाकवावी लागते, मग नऊवारीचा काठ सावरत, कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेत तिला आत चढावे लागते. मागे दोघे बसले की बाजाराच्या पिशव्यांना जागा उरत नाही. ज्या कुटुंबात सहा-सात माणसे आहेत, तिथे ही गाडी मुळात एकाच्या मनाची असते.

शर्यतीचा बैल हे याच हौसेचे जुने रूप. त्याला नांगराला जुंपत नाहीत, पण खुराक मात्र कामाच्या बैलापेक्षा चढा लागतो. बैलगाडा शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या वर्षांतही कित्येक घरांनी हे बैल सांभाळले. यात एक बारकावा आहे. बैल गोठ्यात असतो, त्याला वैरण टाकणारा, पाणी पाजणारा, पोळ्याला पुरणपोळीचा घास भरवणारा हात पुष्कळदा घरच्या बाईचा असतो. नवऱ्याच्या हौसेत तिचे कष्ट मिसळतात आणि त्या कष्टांतून तिचाही जीव बैलावर जडतो. गाडीच्या बाबतीत हा मार्ग बंद असतो. ती कुलपात राहते आणि किल्ली एकाच्याच खिशात असते.

जोडीदाराच्या मनातली पहिली भावना बहुधा भीतीची असते, आणि तिला भक्कम कारण असते. शेतकरी घरात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही, पीक निघाले की एकदम येतो. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली आणि मे 2024 मध्ये ती पुन्हा खुली केली. अशा एका निर्णयाने वर्षाचे गणित कोलमडते, कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरावाच लागतो. गाडी भेट मिळाली तरी भार चुकत नाही. सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल 2002 मध्ये त्याला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. तिच्यावरचे आयात शुल्क सुमारे 1 कोटी 13 लाख रुपये होते. सरकारने ते माफ केल्यावर टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ते शुल्क फियाट कंपनीने भरले. किमती वस्तू कशीही मिळो, ती दाराशी आली की तिचा भार कुणाला तरी उचलावा लागतोच.

दुसरी भावना विषमतेची. गाडीची पहिली रक्कम उभी करायला अनेकदा सोनेतारण होते. पतसंस्थेच्या काउंटरवर बाईच्या पाटल्या आणि गंठण तराजूत पडतात, कसोटीवर घासून पाहिले जातात, खड्यांचे आणि लाखेचे वजन वजा होते, मग पिशवीला सील लागते. लग्नात माहेरून आलेले सोने जाते आणि दारात गाडी येते. त्याच बाईने घरात मिक्सर बदलायचा म्हटले तर पुढच्या हंगामापर्यंत थांबायला सांगितले जाते. तिचे दुखणे गाडीबद्दल नसते. एकाची हौस तातडीची आणि दुसऱ्याची गरजसुद्धा लांबणीवर टाकण्याजोगी ठरते, हे तिला खुपते.

तिसरी भावना आनंदाची आहे, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. एकत्र कुटुंबात नवरा-बायकोला दोघांचे असे बोलायला जागा नसते. दोघांपुरतीच गाडी सासूला आणि मुलांना गैरसोयीची असेल, पण त्या दोघांना वणीच्या सप्तशृंगी गडापर्यंतचा रस्ता फक्त आपला म्हणून मिळतो. नवऱ्याचा फुललेला चेहरा पाहून सुखावणाऱ्या बायका आहेत, आणि बायकोच्या हातात किल्ली देऊन स्वतः शेजारी बसण्यात धन्यता मानणारे नवरेही आहेत. उपयोग नाही एवढ्यावरून वस्तू निरर्थक ठरत नाही. देवळाचा कळस, दारातली रांगोळी आणि दिंडीपुढचा सजवलेला घोडा पोटापाण्याच्या कामाचे नसतात, तरी त्यांच्यावाचून जगणे भकास होईल.

नवी गाडी दारात आली की तिची पूजा होते. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फुटतो आणि घरची सुवासीण ताम्हणात निरांजन घेऊन गाडीला ओवाळते. हे औक्षण म्हणजे घराच्या वतीने दिलेले अभय असते. जिला खरेदीआधी विचारले नाही तिच्याच हातून ते करवून घेतले जाते, तेव्हा विधी पूर्ण होतो पण त्याचा आशय पोकळ राहतो. संमतीनंतरचे औक्षण आशीर्वाद असतो. संमतीवाचूनचे औक्षण हे तिच्या मौनाला दिलेले संमतीचे रूप असते.

या प्रश्नावर भारतीय धर्मग्रंथांचे म्हणणे अनेकांना वाटते त्यापेक्षा स्पष्ट आहे. चार पुरुषार्थांत काम मोजलेला आहे, म्हणजे हौस हा दोष नव्हे. विवाहविधीत वर वचन देतो की धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत तो पत्नीला ओलांडून जाणार नाही. हौसेची गाडी अर्थ आणि काम या दोन्ही क्षेत्रांत येते, म्हणून या वचनाच्या थेट कक्षेत येते. वचन इच्छा सोडायला सांगत नाही, एकट्याने पुढे जायला मनाई करते. आपस्तंब धर्मसूत्र आणखी पुढे जाते. त्याच्या मते पती-पत्नींत वाटणी नाही, कारण पाणिग्रहणापासून कर्मांत आणि द्रव्याच्या संपादनात दोघे एकत्र असतात. नवरा परगावी असताना पत्नीने प्रसंगानुरूप दान दिले तर ती चोरी होत नाही, असेही तेथे म्हटले आहे. कमाई कुणाच्याही हाताने आलेली असो, ती दोघांची.

स्त्रीधनाबाबत मात्र शास्त्राने एकत्रपणाला स्वतंत्र मर्यादा घातली. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि बंदिवास या चार प्रसंगी वापरलेले स्त्रीधन पतीवर परत देण्याचे बंधन नाही. या यादीत हौस नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 14 व्या कलमाने 1956 मध्ये स्त्रीच्या संपत्तीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्त्रीधन ही पती-पत्नीची सामाईक मालमत्ता नाही. अडचणीच्या वेळी पती ते वापरू शकतो, पण ते किंवा त्याचे मोल परत करणे त्याचे नैतिक कर्तव्य आहे. पतसंस्थेच्या काउंटरवर ठेवलेल्या पाटल्यांना हा न्याय सरळ लागू होतो.

बौद्ध परंपरेने हाच विचार आकड्यांत मांडला. निफाडशेजारच्या येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, त्यामुळे या परिसराला ती परंपरा परकी नाही. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, चौथा संकटकाळासाठी राखून ठेवायचा. त्याच सुत्तात पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे आणि घरातली सत्ता तिच्या हाती सोपवणे ही पतीची कर्तव्ये म्हणून येतात. उपभोगाला जागा आहे, पण ती चौथाईपुरती. जैन श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहाचे परिमाण आधीच ठरवून घ्यायचे असते, आणि तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाचे मूळ वस्तूत न मानता आसक्तीत मानले आहे. या कसोटीवर स्वस्त मोटारसायकलही मोठा परिग्रह ठरू शकते आणि महागडी गाडी लहान.

घरातल्या दुसऱ्याला न ओलांडण्याचा हाच नियम विरक्तीलाही लागू आहे, हे तुकारामांच्या चरित्रात दिसते. चरित्रकार सांगतात की दुष्काळानंतर तुकारामांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवायचे ठरवले, तेव्हा धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा आधी वेगळा काढून दिला आणि आपल्या वाट्याची खते नदीत सोडली. भावाचा वाटा राखला गेला. पत्नी जिजाईचा आणि मुलांचा वाटा कोणता, हा प्रश्न त्या कथेत कुणी विचारत नाही. थोर त्यागसुद्धा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या जगण्यावरून जातो, तिथे उपभोगाची काय कथा?

उपनिषदांतला याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद या विचाराला शेवटची खोली देतो. घर सोडताना याज्ञवल्क्य संपत्तीची वाटणी करायला निघतात. तेव्हा त्यांची पत्नी मैत्रेयी विचारते की सारी पृथ्वी धनाने भरून मिळाली तर त्याने अमरत्व येईल का. नाही, असे उत्तर मिळते. मग ते सांगतात की पती, पत्नी, धन यांतले काहीच केवळ त्याच्यासाठी प्रिय नसते, आत्म्यासाठी ते प्रिय होते. गाडीवरचे प्रेमही तसेच आहे. तरुणपणी हुकलेले काहीतरी, बापाच्या काळात न परवडलेले काहीतरी, चारचौघांतली ओळख यांपैकी काही त्या यंत्रात शोधले जाते. हे जोडीदाराला उघड सांगता आले तर अर्धा वाद तिथेच मिटतो, कारण मग बोलणे गाडीवरून त्या उणिवेवर येते.

या सर्व मतांतून एक निर्णय निघतो. हौसेची गाडी धर्माच्या विरुद्ध नाही. ती चार अटींवर धर्म्य ठरते. तिच्यासाठी काढलेला पैसा उपभोगाच्या वाट्यातला असावा, बियाणे, औषधपाणी आणि मुलांच्या शिक्षणाच्या वाट्यातला नसावा. स्त्रीधनाला हात लागू नये, आणि लागला तर परतफेडीची तारीख आधी ठरावी. जोडीदाराची संमती खरेदीआधी, नकार देण्याची मोकळीक ठेवून घेतलेली असावी. आणि दुसऱ्याच्या हौसेलाही, मग ती पैठणी असो, काशीयात्रा असो किंवा शिवणकामाचे दुकान असो, तेवढाच मान आणि वेळ मिळावा. गाडी बायकोने घेतली आणि नवरा धास्तावला तरी याच अटी लागू होतात, कारण सहधर्म दोन्ही बाजूंना बांधणारा आहे.

गाडी घेऊ पाहणाऱ्याने शोरूमची पायरी चढण्याआधी घरातल्या माणसासमोर बसून सारा हिशेब आणि सारी इच्छा मोकळेपणाने मांडावी, आणि उत्तर ‘नाही’ असे आले तर ते ऐकून घ्यावे. लग्नात दिलेल्या वचनाचे पालन ते एवढेच आहे.