मुळं हाक मारतात

ज्वारीच्या रोपाला स्फुरद कमी पडू लागलं की ते मुळांतून मातीत एक द्रव्य सोडतं. अगदी कणभर. स्ट्रायगोलॅक्टोन हे त्याचं नाव. मातीत ते लवकर विरून जातं, त्यामुळे ते जिथे जाणवेल तिथे जवळच जिवंत मूळ असणार. मायकोरायझा बुरशीला हे नेमकं कळतं. तिच्या तंतूंना भराभर फाटे फुटतात आणि तीही आपली रसायनं सोडून उत्तर देते. ते उत्तर पोचलं की मुळाच्या पेशींत कॅल्शियम एका लयीत वरखाली होऊ लागतं. बुरशी मुळाला टेकते, तेव्हा पेशी तिच्यासाठी आतून वाट तयार करते. पाहुणा उंबऱ्याशी आला की आपण खोलीतला पसारा बाजूला करतो, तशी. मग बुरशी लांबून स्फुरद आणून देते आणि रोप तिला साखर आणि स्निग्ध पदार्थ पुरवतं.

या द्रव्याची पहिली ओळख मात्र वाईट अंगाने झाली. 1966 साली ते कापसाच्या मुळांच्या स्रावात सापडलं, तेव्हा एवढंच कळलं की त्याने टारफुल्याचं बी रुजतं. ज्वारी पिकवणाऱ्यांना टारफुला सांगायला नको. त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं, ही चाहूल लागली की उगवतं आणि मुळाला चिकटून रस शोषतं. आपल्याच वैऱ्याला जागं करणारं द्रव्य झाड का सोडत असेल? याचं उत्तर 2005 साली जपानी संशोधकांनी दिलं. ती हाक बुरशीसाठी होती. टारफुला ती चोरून ऐकत होता.

मला या रोपाचं फार कौतुक वाटतं. ऐकणाऱ्यांत वैरीही आहे, तरी ते हाक मारायचं सोडत नाही. आपण मात्र "कशाला कुणाला त्रास" म्हणत गप्प राहतो. कधीतरी कुणी गैरफायदा घेतलेला असतो, तो मनात राहतो. शेजारची माणसं चांगलीच असतात, पण आपली अडचण त्यांना कळणार कशी? रोप उगाच ओरडत नाही. जमिनीत स्फुरद भरपूर असेल तर त्याची हाकही मंदावते. जे कमी आहे, ते कमी असताना, जवळच्याला सांगायचं, एवढंच ते करतं.

आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या तुम्ही एकटेच सांभाळत असाल, तर आज निघण्याआधी भावाला फोन करा. सगळी कहाणी नको. "गुरुवारी तू नेशील का तिला?" एवढंच विचारा.