द्राक्षमळ्यातली मजुरी

मिरजेत बुधवारी संध्याकाळी एका मित्राच्या घरी बायबल अभ्यासाला जाऊन बसलो. खाली सतरंजी, गुडघे धरलेल्या दोन आजींसाठी खुर्च्या, कोपऱ्यात पेटी. येणारा प्रत्येक जण दारातूनच ‘सलाम’ म्हणत होता. मराठी ख्रिस्ती माणसाचा हा रोजचा नमस्कार; आपल्यातल्या अनेकांना तो ठाऊकच नसतो. भजन झालं, प्रार्थना झाली आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडला.

गोष्ट अशी: द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो, नंतर नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाच वाजताही. सूर्य मावळल्यावर सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी ठेवतो. पहाटे आलेले कुरकुरतात. पाळकसाहेबांनी अर्थ विचारला. तासगावच्या बागांत रोजानं जाणाऱ्या एक बाई म्हणाल्या, “पाचपातूर नाक्यावर हुबं राहिलेलं माणूस आळशी नसतंय, साहेब. त्याला कुणी नेलेलंच नसतंय.” निवृत्त परिचारिका असलेल्या एक ताई लगेच उसळल्या, “मग सकाळी आलेल्यांनी काय घोडं मारलं होतं?” मागून कुणीतरी म्हणालं, “दुसऱ्या दिवशी सगळी पाचलाच येतील की!” सगळे हसले. पाऊण तास हेच चाललं. रोज आणि उक्ते यांतला फरक निघाला, मुकादमाचा हिस्सा निघाला. पाळकसाहेबांनी निकाल दिला नाही. द्यायला हवा होता, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही.

आपल्याकडे ग्रंथ वाचण्याची परंपरा मोठी. पण पारायण पुरं करायचं असतं. मध्येच थांबून ‘हे पटत नाही’ म्हणायची सोय त्यात नसते. कीर्तनात एक बोलतो, बाकीचे ऐकतात. इथं सतरंजीवरची बाई ग्रंथाला आपल्या हजेरीच्या हिशेबानं तपासत होती, आणि कुणाला त्यात पाखंड दिसलं नाही. या बैठकांचं मोल मी इथं मानतो. धर्म कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

या बैठकीला या मातीत जुनी मुळं आहेत. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. मिरजेत प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली रुग्णालय उघडलं. सांगली-मिरजेच्या मधली वॉन्लेसवाडी त्यांच्याच नावाची. मिशनमध्ये ‘बायबल बाई’ म्हणून एक काम असे. पोथी काखेत मारून घरोघरी, जिथं पुरुषाला प्रवेश नाही तिथंही जायचं आणि वाचून दाखवायचं. अक्षर बायकांच्या हाती सोपवणारं हे काम आपल्या सामाजिक इतिहासात चार ओळींतच उरकलं जातं. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बाईला कळावं अशा भाषेत. 1922 साली मृत्यूच्या तोंडावर ते काम पुरं झालं.

आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं मानत असे. ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन रुळलं, त्यात त्यांचा वाटा फार मोठा. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकाच पंक्तीला. मिशनऱ्यांनाही हे पचायला जड गेलं असेल, आणि आजही अनेक मंडळ्यांना जडच जाईल. 1919 साली टिळक गेले. त्याच वर्षी कराडजवळ काले इथं कर्मवीर भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली. शाळेच्या दाराबाहेर ठेवलेल्यांच्या हाती अक्षर द्यायचं, ही तळमळ सातारा जिल्ह्यात दोन्हीकडून वाहत होती.

आज या बैठकांना येतं कोण? बायका जास्त, पुरुष बहुधा दाराजवळ बसतात. शिक्षक, रेल्वेतून निवृत्त झालेले, नर्सिंगच्या मुली, रोजंदारीवाले. आडनावं आपलीच. पूर्वजांनी गावकुसाबाहेरून केलेला प्रवास कुणी मुद्दाम सांगत नाही, पण लपवतही नाही. बाप्तिस्मा न घेतलेलेही असतात. कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाचं न हटणारं दुखणं, कुणाला नुसतं कुणीतरी नाव घेऊन विचारतं म्हणून. काही ठिकाणी दुखणं हमखास जाईल अशी आश्वासनं दिली जातात. ती मला मुळीच मान्य नाहीत, आणि जुन्या मंडळ्यांतल्या जाणत्यांनाही नाहीत. पण म्हणून प्रत्येक सतरंजीकडे संशयानं पाहायचं आणि खिडकीतून मोबाईलवर चित्रण करायचं, हाही शहाणपणा नव्हे. आत काय चाललंय हे कळायचा सरळ मार्ग म्हणजे चपला काढून आत जाऊन बसणं. मला कुणी नाव-गाव, जात विचारली नाही. चहात साखर किती, एवढंच विचारलं.

पुढच्या बुधवारी पुन्हा गेलो. पाचच्या मजुरांची बाजू घेणाऱ्या बाई आल्या नव्हत्या. तासगावकडे छाटणी लागली होती, आणि त्या काडीला पेस्ट लावायला गेल्या होत्या.