डबी कुणासाठी सजवायची?





गुरुपौर्णिमा जवळ आली की आपल्या कुटुंब-ग्रुपांवर एक विषय निघतोच. पादुका ठेवायला यंदा चांगली नक्षीची पेटी करून घ्यावी का? काही घरांतून लगेच होकार येतो. काही घरं म्हणतात, गुरुमाउलींनी आयुष्यभर साधेपणा शिकवला, मग त्यांच्या पादुकांना चांदीचं काम कशाला? तेच पैसे अन्नदानाला द्यावेत. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून हात वर करून निकाल लावण्याआधी आपण सगळ्यांनी मिळून यावर थोडा विचार करू या. दिसायला हा प्रश्न पेटीचा आहे. खरा प्रश्न असा, की एखादी वस्तू सजवणं ही भक्ती कधी असते आणि मिरवणं कधी होतं?

सुरुवात घरातूनच करू. आपल्या आज्यांच्या काळी फणीकरंड्याची पेटी असायची. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, खाली खणांत फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची छोटी डबी. आधी कपाळाला मेणाचं बोट, मग त्यावर कुंकू. कुणाची पेटी साध्या लाकडाची, कुणाची पितळी फुलं ठोकलेली. आता बघा, त्या पेटीत मौल्यवान असं काय होतं? चिमूटभर कुंकू आणि थोडं मेण! बाजारात त्याची किंमत ती काय? तरीसुद्धा करंडा सुबक हवा, झाकण घट्ट बसायला हवं, याकडे लक्ष असायचं. म्हणजे आतल्या वस्तूची किंमत आणि तिचं मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

गोवा आणि बेळगावकडच्या साधकांना सावंतवाडीची लाखकामाची डबी माहीत असेल. लाकूड चरकावर फिरत असतं आणि कारागीर त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवतो. घासल्याने जी उष्णता होते तिनेच लाख वितळते आणि लाकडावर पसरते. वेगळी शेगडी लागत नाही, ब्रश लागत नाही. हाताचा दाब कमी झाला तर लाख धरत नाही, जास्त झाला तर थर जाड-बारीक होतो. हे मोजायला कुठलंही यंत्र नाही, सगळा अंदाज त्या मनगटात असतो. हातात दोन मिनिटं धरून आपण खाली ठेवतो त्या डबीमागे किती वर्षांचा सराव आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही.

आता एक जुनी हकिकत. ती आपल्या प्रश्नाला अगदी थेट लागू पडते. मुंबईजवळच्या नालासोपाऱ्याला एक मोठं मातीचं टेकाड होतं. गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा तो कोट नसून विटांचा बौद्ध स्तूप असल्याचं स्पष्ट झालं. स्तूपाच्या पोटात दगडाची एक मोठी गोल पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोबत सोन्याची नाजूक फुलं. आणि त्या सोन्याच्या करंडकात काय होतं? मातीच्या भांड्याचे 13 लहान तुकडे. हे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे अशी श्रद्धा होती, असं मानलं जातं. हे करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.

क्षणभर थांबून याचा विचार करावा. बाहेरून आत जावं तशी पेटी अधिकाधिक मौल्यवान होत गेली आणि शेवटी हाती आली ती भाजलेली माती. तीही भिक्षेच्या भांड्याची! साधेपणाचं याहून मोठं चिन्ह कोणतं? आणि त्या साधेपणाला ज्यांनी सोन्यात ठेवलं, त्यांना त्याचा अर्थ कळला नव्हता असं आपण म्हणू शकतो का?

आम्हाला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. हे सगळे करंडक घडवले गेले ते पुरण्यासाठी. घडवणाऱ्याला ठाऊक होतं की आपलं काम उद्या दगडाच्या झाकणाखाली जाणार, वर विटा रचल्या जाणार आणि पुन्हा ते कुणाच्या नजरेस पडणार नाही. तरी स्फटिक कोरला गेला, सोनं घडवलं गेलं. दान देणाऱ्यांना पुण्याची इच्छा असेलही, ती कुणाला नसते? पण लोकांनी बघून वाहवा करावी, ही सोय तिथे नव्हती. भक्ती आणि मिरवणं यांतला फरक आम्हाला इथे सापडतो. कुणी बघणार नसतानाही आपण ते तितक्याच काळजीने केलं असतं का?

सोन्या-चांदीचं राहू द्या, नुसतं कौशल्यही पुष्कळ शिकवतं. आम्हा हैदराबादकरांना बीदर जवळचं. तिथली बिदरी डबी किंवा पानदान अनेक घरांत आहे. जस्तात थोडं तांबं मिसळून ती ओततात, कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग त्यावर छिन्नीने नक्षी खोदतात आणि त्या खोदलेल्या जागेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. या टप्प्यावर सगळंच राखाडी दिसतं, नक्षी धड उठत नाही. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून गरम केलेल्या डबीला चोळतात. जस्त काळंभोर होतं आणि चांदी तशीच पांढरी राहते. ती माती योग्य आहे की नाही, हे कारागीर जिभेवर ठेवून पारखतात.

या कामात चांदी वरून चिकटवलेली नसते. आधी धातू खोदून काढावा लागतो, मगच तिला जागा मिळते. आपल्या सेवेचंही तसंच असावं. जिच्यासाठी आपण आपल्यातलं काहीच काढलं नाही, ना वेळ, ना हौस, ना मीपणा, ती सजावट फक्त वरून चिकटवलेली राहते.

आता आजचं बघू. लग्नं, मुंजी, बारशी, सगळीकडे सजवलेल्या पेट्या आल्या. पत्रिका पेटीत, सुकामेवा पेटीत, परतीची भेटही पेटीत. यंत्राने कापलेली पातळ फळी, वर चिकटवलेले मणी आणि सोनेरी लेस. पाहुणा आतला जिन्नस काढून घेतो आणि पेटी महिन्याभरात माळ्यावर किंवा कचऱ्यात जाते. हौसेला आमचा विरोध नाही. पण एका घराने अशी पेटी दिली की दुसऱ्या घराला द्यावीशी वाटते आणि तिसऱ्या घराला द्यावीच लागते. त्या तिसऱ्या घरातला बाप रात्री हिशेब मांडत बसतो. सजावट दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं झाली, की ती कितीही सुंदर असो, ती चुकलीच.

हाच धोका आपल्या पादुकांच्या पेटीतही आहे. वर्गणीचे आकडे नावांसकट ग्रुपवर पडू लागले की ज्याला जमत नाही तो गप्प होतो, पुढच्या सत्संगाला यायला कचरतो. गुरूंच्या नावाने केलेल्या पेटीमुळे एखादं घर गुरूंपासूनच दूर गेलं, तर त्या पेटीत आपण नेमकं काय ठेवलं?

दुसऱ्या बाजूने साधेपणाचाही अभिमान होऊ शकतो बरं का! “आम्ही बाई असलं काही करत नाही,” हे वाक्यही आपण कधीकधी मिरवण्यासाठीच उच्चारतो.

राहिला अन्नदानाचा मुद्दा. भुकेल्याचा घास आधी, यात वाद नाही. तो खर्च बाजूला काढल्यावरच पेटीचं बोलावं. मात्र हाताने काम करणाऱ्याला दिलेली मजुरी हासुद्धा कुणाच्या तरी घरचा स्वयंपाकच असतो. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण कारागिरापुढे बसलो की निम्म्यावर मागतो. देवाघरच्या वस्तूसाठी माणसाची मजुरी तोडायची, हे कुठल्या भक्तीत बसतं?

म्हणून आमचं मत असं. पेटी करावी, पण अन्नदानाला हात न लावता. वर्गणी ज्याने त्याने बंद पाकिटात द्यावी, नाव नको, आकडा नको. पेटीवर कुणाचंही नाव कोरू नये. कारागिराशी घासाघीस करू नये, आणि तो मागेल तेवढा वेळ त्याला द्यावा. एवढं पाळता येणार नसेल तर यंदा साधी लाकडी पेटी आणि आत धुतलेलं पांढरं सुती वस्त्र पुरे आहे. पादुकांना काही कमी पडणार नाही.

आपापल्या घरी यावर बोलावं, मुलांनाही विचारावं. घरात जुना करंडा किंवा फणीकरंड्याची पेटी असेल तर ती पुसून मुलांच्या हातात द्यावी आणि झाकण कसं बसवलंय ते त्यांना दाखवावं.

जय गुरुदेव.