पक्षनिष्ठा, राष्ट्ररक्षण आणि सदसद्विवेक

नाशिकच्या द्वारका चौकात दोन महामार्ग एकत्र येतात. आग्र्याच्या दिशेने गेले की ओझर लागते. तेथे लढाऊ विमानांचा कारखाना आहे. पुण्याच्या रस्त्याला वळले की नाशिकरोड आणि त्याच्या बाजूला देवळाली. तेथे तोफखान्याचे शिक्षण दिले जाते. देशाचे संरक्षण हा विषय नाशिककरांना परका नाही. या परिसराच्या वाट्याला त्या विषयातील आणखी एक गोष्ट आली आहे. १९६३ साली नाशिक लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक जाहीर झाली. परंतु मतदान झालेच नाही. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले. विरोधी पक्षांनी आपण होऊन मैदान मोकळे सोडले होते.

ही उदारता आजही कौतुकाने सांगितली जाते, आणि ती कौतुकास पात्रच आहे. परंतु तिच्यातून एक चुकीचा धडा घेतला जाण्याचा संभव असतो. तो असा की, राष्ट्रावर संकट आले म्हणजे सर्वांनी सरकारच्या पाठीशी उभे राहावे आणि प्रश्न विचारू नयेत. एकजूट आणि मौन ही एकच गोष्ट आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर यशवंतरावांना मुंबईहून दिल्लीला का जावे लागले, तेथून आरंभ केला पाहिजे.

१९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईत एक गाजलेली लढत झाली. एका बाजूला संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, दुसऱ्या बाजूला आचार्य कृपलानी. सीमेवर चीनचा दबाव वाढत चालला होता आणि कृपलानींनी संरक्षण खात्याच्या कारभारावर कठोर टीका चालविली होती. दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला होता. त्या कारवाईची वेळ निवडणूक पाहून साधली, असा आरोप विरोधकांनी केला. गोव्याची मुक्ती न्याय्यच होती; त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यासारख्या गोमंतकीयांनी तिच्यासाठी तुरुंगवास भोगला होता. तरीही एखादे न्याय्य कार्य प्रचाराच्या व्यासपीठावर चढले की त्याच्या हेतूविषयी शंका उत्पन्न होते, हे येथे दिसले. पंडित नेहरूंनी आपली सारी प्रतिष्ठा मेनन यांच्या पाठीशी उभी केली. मेनन यांचा पराभव हा आपल्या धोरणाचा पराभव ठरेल, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. मेनन एक लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले.

येथे एका प्रश्नाच्या जागी दुसराच प्रश्न आला. सैन्याची सिद्धता पुरेशी आहे काय, हा खरा प्रश्न होता. मतदारांपुढे उभा राहिला तो, तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या, हा. मताधिक्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पहिला तसाच राहिला. हिमालयातील थंडी, अपुरे रस्ते आणि जुनी शस्त्रे यांच्यावर त्या लाखभर मतांचा काही परिणाम होणार नव्हता. आठ महिन्यांनी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, चीनचे आक्रमण झाले आणि त्या अनुत्तरित प्रश्नाची किंमत जवानांनी चुकविली.

पवित्र शास्त्रातील राजांच्या पहिल्या पुस्तकात मीखाया संदेष्ट्याची कथा आहे. राजा अहाब युद्धाला निघण्यापूर्वी चारशे संदेष्ट्यांचा सल्ला घेतो. सारे एकमुखाने विजयाचे भाकीत करतात. मीखाया मात्र अनिष्ट तेच सांगतो, आणि त्याची रवानगी बंदिगृहात होते. अहाब रणांगणातून जिवंत परत येत नाही. मीखायाचे अहाबाशी वैर नव्हते. राजाला अप्रिय सत्य ऐकविणारा तो एकटाच माणूस दरबारात होता, आणि राजाने त्यालाच शत्रू मानले. १९५९ मध्ये सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी राजीनामा दिला, तो त्यांना मागे घ्यावयास लावले गेले. १९६२ च्या शरदात पूर्व सीमेवरील योजनेला आक्षेप घेणाऱ्या जनरल उमराव सिंग यांच्याकडून त्या आघाडीची जबाबदारी काढून घेण्यात आली. आपल्या दरबारातही मीखाया होते.

तथापि न्यायबुद्धीने पाहणाऱ्याने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्या मेनन यांच्यावर इतकी टीका झाली, त्यांच्याच कारकिर्दीत १९६२ च्या उन्हाळ्यानंतर मिग-२१ विमानांविषयी सोव्हिएत रशियाशी बोलणी पक्की झाली. पाश्चात्त्य राष्ट्रांना तो निर्णय रुचला नव्हता. त्यातूनच १९६४ मध्ये ओझरचा कारखाना उभा राहिला, आणि मिग-२१ ने २०२५ पर्यंत हवाई दलाची सेवा केली. विरोधकांची सगळीच टीका बरोबर होती आणि सरकारचे सगळेच निर्णय चुकीचे होते, असे इतिहास सांगत नाही. पक्षनिष्ठ मनाला मात्र अशी सरमिसळ सहन होत नाही. त्याला संपूर्ण देव किंवा संपूर्ण दानव हवा असतो.

आता १९६२ च्या नोव्हेंबरकडे वळू. युद्ध चालू असतानाच विरोधी नेत्यांच्या मागणीवरून संसदेचे अधिवेशन ८ नोव्हेंबरला सुरू झाले. तरुण अटलबिहारी वाजपेयी हे ती मागणी करणाऱ्यांपैकी एक होते. बैठक गुप्त ठेवावी ही सूचना नेहरूंनी नाकारली. सभागृहात कडक टीका झाली आणि १४ नोव्हेंबरला आक्रमण परतविण्याचा ठराव एकमताने संमत झाला. मेनन गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्राने ज्या क्षणाचे वर्णन केले तो क्षण आला, आणि पुढील वर्षी नाशिकने यशवंतरावांना लोकसभेत पाठविले. त्याच १९६३ च्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध स्वतंत्र भारतातील पहिला अविश्वासाचा ठराव मांडला. तो ३४७ विरुद्ध ६२ मतांनी फेटाळला गेला.

नाशिकचा बिनविरोध विजय आणि दिल्लीतील अविश्वासाचा ठराव या दोन घटना एकाच वर्षातल्या आहेत, हे विसरता कामा नये. विरोधकांनी जागा सोडली; प्रश्न विचारण्याचा हक्क सोडला नाही. त्यांनी त्यागला तो पक्षाचा लाभ, आणि पाळले ते नागरिकाचे कर्तव्य. माझ्या मते, संकटकाळातील राजनीतीचा हाच निकष आहे. एकजूट म्हणजे पक्षाच्या स्वार्थाला मुरड घालणे. सत्याला मुरड घालणे नव्हे.

त्याच १९६३ च्या एप्रिलमध्ये पोप तेविसावे जॉन यांचे ‘पाचेम इन तेर्रिस’ (पृथ्वीवर शांती) हे विश्वपत्र प्रसिद्ध झाले. सत्य, न्याय, प्रीती आणि स्वातंत्र्य या चार आधारांवरच शांती उभी राहते, असे त्यांनी शिकविले. त्यांनी सत्याला पहिले स्थान दिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दोन वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने राजकीय पक्षांचे स्थान मान्य केले. मात्र पक्षाने स्वहित सर्वांच्या हिताच्या वर ठेवता कामा नये, असेही बजावले. म्हणजे ख्रिस्तसभा पक्षाला पाप मानीत नाही. पक्ष हे साधन आहे. साधनच पूजेला बसले की ते मूर्तिपूजेचे रूप घेते.

ही पूजा कोणा एका पक्षाची मक्तेदारी नाही. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा अहवाल १९६३ मध्येच तयार झाला. काँग्रेस सरकारांनी तो प्रसिद्ध केला नाही. मार्च २०१४ मध्ये राज्यसभेतील विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी असे दस्तऐवज कायमचे दडवून ठेवण्याविषयी प्रश्न उपस्थित केला. मे महिन्यात सत्तांतर झाले, आणि जुलैमध्ये संरक्षणमंत्री या नात्याने तेच जेटली सांगू लागले की, अहवाल प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही. अहवालातील एक अक्षरही बदलले नव्हते. बदलली होती ती खुर्ची. याउलट कारगिल युद्धानंतर वाजपेयी सरकारने नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, २००० च्या फेब्रुवारीत संसदेपुढे ठेवला गेला. त्यामुळे देश दुबळा झाला नाही.

परराष्ट्र धोरणातही समंजसपणाची उदाहरणे आहेत. १९९४ मध्ये काश्मीरच्या प्रश्नावर जिनिव्हाला गेलेल्या शिष्टमंडळाचे नेतृत्व पंतप्रधान नरसिंह राव यांनी विरोधी पक्षनेते वाजपेयी यांच्याकडे सोपविले. २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर परदेशी गेलेल्या सात सर्वपक्षीय शिष्टमंडळांपैकी एकाच्या प्रमुख सुप्रिया सुळे होत्या. असे प्रसंग पाहून समाधान वाटते. दुसरीकडे, प्रचारफलकांवर सैनिकांची छायाचित्रे वापरू नका, असे २०१९ मध्ये निवडणूक आयोगाला सर्व पक्षांना बजवावे लागले. जवान सर्वांचा असतो. त्याचे शौर्य एका पक्षाच्या खात्यात जमा करणे ही एक प्रकारची चोरीच होय. आणि पक्षद्वेषापोटी त्या शौर्याकडे तुच्छतेने पाहणे, हीसुद्धा त्याच चोरीची दुसरी बाजू आहे.

आपल्या समाजासाठी या विषयाला आणखी एक कंगोरा आहे. संख्येने अल्प असलेल्या समाजाला आपली देशनिष्ठा वारंवार सिद्ध करावीशी वाटते. त्या भयापोटी दोन मोह होतात. एक, सत्तेवर जो असेल त्याचा सर्वांहून मोठ्याने जयजयकार करण्याचा. दुसरा, सार्वजनिक प्रश्नांतून अंग काढून घेऊन चर्चच्या आवारात स्वस्थ राहण्याचा. दोन्हींत प्रीती नाही. ज्याचे आपल्या घरावर प्रेम आहे तो छप्पर गळू लागले तर सांगतो. पाहुण्यासारखा गप्प बसत नाही. आपण या घरचे आहोत.

मिस्साबलिदानातील श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपण राज्यकर्त्यांसाठी याचना करतो. ती याचना करताना आपल्या मनात कोणाचा चेहरा येतो, हे ज्याने त्याने तपासून पाहावे. आपल्याला प्रिय असलेल्या पक्षाचे राज्य असताना आपण ज्या गोष्टीला मुत्सद्देगिरी म्हणतो, तिलाच दुसऱ्याचे राज्य आल्यावर शरणागती म्हणतो काय? मुलांसमोर बातम्या ऐकताना पक्षाचे नाव क्षणभर बाजूला ठेवून हा प्रश्न मोठ्याने विचारता येईल. उत्तर नेहमीच सुखावह असणार नाही. परंतु मीखायाने अहाबाला दिलेले उत्तर तरी कुठे सुखावह होते?