उशिरा येणाऱ्याचा वाटा

वाटणीचा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोनच ठिकाणी निघतो, घरात आणि सरकारदरबारी. घरात तो वडीलधाऱ्यांच्या शब्दाने मिटतो, नाहीतर न्यायालयात जातो. सरकारदरबारी त्यासाठी कायदा असतो, कायद्याला अधिकारी असतो आणि अधिकाऱ्याजवळ शिक्का असतो. जिथे वडीलधारे नाहीत, कायदा नाही आणि शिक्काही नाही, तिथे सर्वांच्या समाईक वस्तूची वाटणी कोणी करावी, आणि कोणत्या न्यायाने? गेल्या चार दशकांत जगाने हा प्रश्न एका अगदीच निराळ्या वस्तूच्या बाबतीत सोडवून पाहिला. ती वस्तू म्हणजे इंटरनेटवरील अंकी पत्ते. विषय तांत्रिक वाटेल. परंतु माझी अडतीस वर्षे जमिनीच्या नोंदी पाहण्यात गेली, त्यामुळे मला त्यात यंत्रांपेक्षा ओळखीची माणसेच अधिक दिसली.

टपालाला जसा पत्ता लागतो, तसा इंटरनेटवर एका यंत्राकडून दुसऱ्याकडे मजकूर जाण्यासाठी अंकी पत्ता लागतो. तोच पत्ता दोघांना दिला गेला तर मजकूर कोणाकडे जावा याचा घोळ होतो, म्हणून कोणता पत्ता कोणाला दिला याची एक नोंदवही हवीच. १९८१ साली या पत्त्याची लांबी ठरली आणि तिच्यावरून एकूण पत्त्यांची संख्याही कायमची ठरून गेली : सुमारे ४२९ कोटी. त्या वेळी या जाळ्यात जेमतेम काही शेकडा संगणक होते. ४२९ कोटी म्हणजे न संपणारा साठा, असे कोणालाही वाटले असते.

नोंदवही कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठीय संस्थेत जॉन पोस्टेल नावाचे गृहस्थ सांभाळत. दाढी वाढवलेला, साध्या राहणीचा हा अभ्यासक. असे क्रमांक देणारा कोणी एक अधिकारी असावा, असे त्यांनी १९७२ मध्येच सुचवले होते आणि तो बहुधा आपणच असावे, असे प्रश्नचिन्ह घालून अर्धवट विनोदाने लिहिले होते. पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा होता हे खरे. पण कोणत्याही संसदेने त्यांना हा अधिकार दिलेला नव्हता. लोक त्यांच्याकडे पत्ते मागत, ते देत आणि लिहून ठेवत. त्यांच्या वहीवर सर्वांचा विश्वास होता, एवढेच तिचे बळ.

पत्ते तीन मापांनी दिले जात. लहान माप २५६ पत्त्यांचे, मधले ६५,५३६ चे आणि मोठे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्त्यांचे. ज्याला तीनशे पत्ते हवेत त्याला लहान माप पुरेना, म्हणून तो मधले घेऊन जाई आणि पासष्ट हजार पत्ते त्याच्याकडे पडून राहत. मोठी मापे एमआयटीसारखी विद्यापीठे, आयबीएम, मोटारी बनवणारी फोर्ड कंपनी अशांना मिळाली. गोव्याच्या लोकसंख्येच्या दहापटीहून अधिक पत्ते एकेका संस्थेच्या पदरात पडले. यात कोणी लबाडी केली नाही, कोणी चिरीमिरी दिली नाही. मागणारे थोडे होते, देणारा उदार होता आणि जे आले नव्हते त्यांचा विचार करण्याचे कारणच कोणाला दिसले नव्हते. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. एकेका संस्थेला मोठी मापे देणे तोवर बहुतेक आटोपले होते.

अन्याय झाला असेल तर अन्याय करणारा कोणीतरी असलाच पाहिजे, अशी आपली समजूत असते. इथे असा कोणी सापडत नाही. नीतिविचारासाठी मला हे प्रकरण महत्त्वाचे वाटते ते यासाठीच.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी साठा झपाट्याने संपत चालल्याचे जाणकारांच्या ध्यानात आले. एलिझ गेरिक यांनी ऑक्टोबर १९९२ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. जगाचे मोठे विभाग पाडावेत आणि प्रत्येक विभागातील पत्ते त्या विभागातल्याच संस्थेने वाटावेत, असा त्याचा आशय. युरोपीय मंडळींनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲम्स्टरडॅम येथे आपले कार्यालय थाटलेही होते. आशिया-प्रशांत विभागासाठी १९९३ साली टोकियोत प्रायोगिक काम सुरू झाले. पुढे १९९८ मध्ये ते कार्यालय ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनला गेले. उत्तर अमेरिकेची संस्था १९९७ ची, लॅटिन अमेरिकेची २००२ ची. आफ्रिकेची पाळी सर्वांत शेवटी, २००५ मध्ये आली, मॉरिशसमध्ये. तोवर आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांना ॲम्स्टरडॅम, अमेरिका किंवा ब्रिस्बेनकडे अर्ज करावा लागे.

तहसील जवळ असली की न्याय जवळ येतो, हे महसूल खात्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. अर्जदाराची भाषा समजणारा, त्याच्या कामकाजाच्या वेळेला जागा असणारा आणि त्याच्या मुलखाची गरज ओळखणारा माणूस टेबलापलीकडे असणे, यात निम्मी वाटणी आली. शिवाय या संस्थांनी एक पायंडा पाडला. नियम बंद खोलीत न करता खुल्या सभेत करायचे, कोणीही येऊन बोलावे, आणि मते न मोजता चर्चेने सहमतीपर्यंत पोचावे. त्यांच्यामागे पोलीस नाहीत, जप्तीचा हुकूम नाही. जाळे चालवणाऱ्या हजारो कंपन्यांनी उद्या ती नोंद मानायची नाही असे ठरवले, तर ती रद्दी होईल. आपल्याकडेही फेरफाराच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, ती केवळ महसुलापुरती असते, असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. तरी गावात त्या नोंदीवरून डोकी फुटतात. कागदाचे वजन माणसांच्या मानण्यात असते.

वाटपाची कसोटी मात्र या सर्व संस्थांनी एकच धरली : गरज. किती यंत्रे आहेत, पुढच्या एकदोन वर्षांत किती होतील, त्याचा आराखडा दाखवा आणि तेवढेच पत्ते घ्या. ऐकताना ही कसोटी निर्दोष वाटते. मीही ती बरीच वर्षे निर्दोष मानली असती. पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक प्रसंग घडला, तो मनातून गेलेला नाही.

१९८४ मध्ये मध्यप्रदेश शासनाने शहरांतील भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा केला. १० एप्रिल १९८४ रोजी जो ज्या जागेवर राहत होता, त्याला त्या जागेचा पट्टा. कायदा चांगल्या हेतूचा होता आणि त्याने हजारो कुटुंबांना आधार मिळाला. माळव्यातील एका गावात मी पाहणीच्या कामावर होतो. बांधकामावर मजुरी करणाऱ्या एका बाईची झोपडी त्या वर्षीच्या पावसाळ्यात उभी राहिलेली. एप्रिलमध्ये कुठे होतीस, असे विचारले तेव्हा तिने पुलाकडे बोट दाखवले. ती पुलाखाली राहत होती. शेजारच्या झोपडीवाल्याला पट्टा मिळतो, कारण त्याच्याजवळ आधीच झोपडी होती. आणि माझ्याजवळ काहीच नव्हते म्हणून मला मिळत नाही, हा कुठला हिशेब, असे तिचे म्हणणे. मी रकान्यात 'अपात्र' लिहिले. नियमाप्रमाणे ते बरोबर होते आणि आज कोणी फेरतपासणी केली तरी बरोबरच ठरेल. पुढे ती तारीख अनेकदा पुढे सरकवली गेली. ती बाई तोवर तिथे राहिली होती की नाही, मला कळले नाही.

गरजेची कसोटीही अशीच चालते. ज्याचे जाळे मोठे त्याची गरज मोठी, आणि ती दाखवायला त्याच्याजवळ अभियंते, आराखडे, हिशेब सगळे असते. ज्याच्याजवळ अजून काहीच नाही, त्याची गरज कागदावर शून्य. म्हणजे गरज मोजायला गेलो आणि मोजून आलो ती ऐपत.

मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच विभागांना एकेक, सारखे दिले गेले. आशिया-प्रशांत संस्थेचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत आला आणि तिथे तिने एक साधा नियम लावला : अर्ज करणारी कंपनी अवाढव्य असो की कालपरवा उघडलेली, तिला या गठ्ठ्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आली. ज्यांचा अजून जन्मही झालेला नाही अशा कंपन्यांसाठी आजच्या मोठ्यांना अडवून धरणे, हे व्यवहारी माणसाला वेडेपणाचे वाटेल. मला त्यात पहिल्यांदा त्या पुलाखालच्या बाईचा विचार दिसला. दुष्काळ पडल्यावर तो सुचला, ही खंत आहेच.

ज्यांच्याकडे जुने गठ्ठे होते, त्यांनी काय केले? स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपला १ कोटी ६७ लाखांचा गठ्ठा २००० साली परत केला, मोबदला न घेता. नॉर्टेल ही कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा, २०११ मध्ये, तिचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरला घेतले. एमआयटीने २०१७ मध्ये आपल्या गठ्ठ्यातील सुमारे ऐंशी लाख पत्ते विकायला काढले. त्या पैशातून नव्या पद्धतीचे जाळे उभारू, असे त्या संस्थेने सांगितले. जे फुकट मिळाले ते विकावे काय? पहिल्यांनी जोखीम घेतली, त्यांच्या श्रमांवाचून हे जाळे उभेच राहिले नसते, हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. परंतु श्रमाचे मोल आणि केवळ आधी हजर असल्याचे मोल यांची सरमिसळ त्यात होते.

इथे स्वतःच्या घराकडेही पाहावे लागते. माझ्या पणजोबांना होळकर दरबारातून इनामी जमीन होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा सनदांच्या नकला पेटीत असतील. १९५१ च्या मध्यभारताच्या कायद्यांनी जहागिऱ्या आणि जमीनदाऱ्या गेल्या, तेव्हा आमच्या घरात झालेली चिडचिड मी आजीकडून ऐकली आहे. आम्ही घाम गाळला होता, असे ती म्हणे. गाळला असेलही. ती जमीन त्यापूर्वी कोण कसत होते, हा प्रश्न मात्र आमच्या घरात कधी निघाला नाही.

स्थानिक संस्था आली म्हणजे न्याय आला, असेही नाही. आफ्रिकेच्या संस्थेने सेशेल्समध्ये नोंदलेल्या एका कंपनीला २०१३ नंतरच्या काही वर्षांत साठ लाखांहून अधिक पत्ते दिले. ते आफ्रिकेबाहेर वापरले जातात, असे म्हणून ते परत घेण्याचा प्रयत्न झाला, कंपनी न्यायालयात गेली, २०२१ मध्ये संस्थेची बँक खाती गोठली आणि २०२३ मध्ये तिच्यावर न्यायालयाने प्रशासक नेमला. २०२५ च्या जूनमधली संचालक मंडळाची निवडणूकही रद्द करून सप्टेंबरमध्ये पुन्हा घ्यावी लागली. विश्वासावर चालणारी वही न्यायालयात गेली की तिचे काय होते, याचा हा कडू धडा आहे. तरीही ॲम्स्टरडॅमला अर्ज करावा लागण्याचे दिवस परत यावेत, असे मला वाटत नाही.

भारताने २०१२ मध्ये ब्रिस्बेनच्या छत्राखाली स्वतःची राष्ट्रीय नोंदणी सुरू केली. जुने पत्ते अपुरे पडल्याने आपल्याकडचे मोबाइल जाळे मोठ्या प्रमाणावर नव्या, लांब पत्त्यांवर गेले. या नव्या पत्त्यांची संख्या लिहायची तर ३४० वर छत्तीस शून्ये द्यावी लागतात. ऑक्टोबर २००६ मध्ये त्यांतला एकेक सारखाच मोठा गठ्ठा पाचही विभागांना दिला गेला. उत्तर अमेरिकेला जेवढा, तेवढाच आफ्रिकेला. आणि एकूण साठ्याचा सर्वसाधारण वापरासाठी आजवर उघडलेला भाग एक अष्टमांश आहे. उरलेला अद्याप कोणाच्याही नावे लिहिलेला नाही.