शेजारधर्म आणि कृपा

येशू ख्रिस्ताला एका शास्त्रीबुवांनी विचारलेला प्रश्न लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आला आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे, ही आज्ञा त्यांना मुखोद्गत होती. त्यांची पृच्छा एवढीच की, माझा शेजारी कोण? प्रश्न वकिली वळणाचा आहे. व्याख्या हाती आली की कर्तव्याला कुंपण घालता येते. येशूने व्याख्या दिली नाही. यरुशलेमहून यरीहोकडे जाताना लुटला गेलेल्या, अर्धमेल्या वाटसरूची कथा सांगितली. याजक आणि लेवी त्याला टाळून निघून गेले. यहुद्यांनी परका मानलेला शोमरोनी मात्र थांबला.

1932 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला चालला. त्याच्या निकालपत्रात लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी हीच आज्ञा विचारात घेतली. परंतु कायद्यात येताना ‘प्रेम करा’ याचे ‘इजा करू नका’ असे झाले. त्यात कायद्याचा दोष नाही. प्रेम हुकूमनाम्याने वसूल होत नसते. पण या मापाने पाहिल्यास तो याजक आणि तो लेवी दोघेही निर्दोष सुटतात!

धर्माचे माप याहून मोठे, म्हणूनच त्यापुढे निर्दोष असा कोणीच उरत नाही. मग उपाय काय? मनुष्य स्वतःच्या संकल्पबळाने आज्ञा पाळू शकतो, असे पेलाजियसचे मत; कृपेवाचून ते घडत नाही, असे संत ऑगस्टीनचे. 418 च्या कार्थेज परिषदेने ऑगस्टीनची बाजू उचलून धरली. आपल्याकडे श्रीवैष्णवांतील वडगलै आणि तेंगलै यांचा वादही याच जातीचा. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीच्या पिल्लाला आईच उचलून नेते. भक्त यांपैकी कोणासारखा?

येथे एक आक्षेप उभा राहतो. ईश्वराने क्षमा केली, परंतु रस्त्यात पडलेल्या त्या जखमी माणसाचे काय? अपराध त्याचा आणि माफी तिसऱ्याने द्यावी, हा कोठला न्याय? आक्षेप खरा आहे, आणि ख्रिस्ती विचारवंतांनीही तो टाळलेला नाही. डीट्रिख बोनहोफर यांनी 1937 साली ‘स्वस्त कृपे’वर कठोर टीका केली, 1945 साली नाझींनी त्यांना फाशी दिले. मत्तयाच्या शुभवर्तमानातही आज्ञा स्पष्ट आहे. बंधूच्या मनात तुझ्याविषयी सल असेल, तर अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर.

तर मग कृपेचे प्रयोजन कोणते? माझ्या मते उत्तर त्या शास्त्रीबुवांच्या हेतूत आहे. लूक म्हणतो, त्यांना स्वतःला नीतिमान ठरवायचे होते. स्वतःचा बचाव मांडण्यात गुंतलेल्या मनुष्याला समोरची जखम दिसत नाही; दिसते ते फक्त आरोपपत्र. कृपा शेजाऱ्याचे देणे माफ करीत नाही, तर बचावाची गरज संपविते. ज्याला आता निर्दोष ठरायचे नाही, तोच चुकलेल्या वाटेने परत फिरू शकतो.

देवाच्या दारी क्षमा मागून घरी परतणाऱ्या प्रत्येकाने हे ताडून पाहावे. मिळालेल्या कृपेने पावले शेजाऱ्याच्या उंबरठ्याकडे वळली, तरच ती खरी.