वजनकाट्याचा न्याय

थायरॉईडची गोळी पन्नासची चालू असेल तर शंभरची घ्यावी, वजन झरझर उतरतं, असा सल्ला अलीकडे वारंवार कानावर येतो. देणारे डॉक्टर नसतात. लग्नाच्या हॉलमध्ये शेजारी बसलेली एखादी मावशी असते, जिममधला ओळखीचा असतो, पुष्कळदा रुग्ण स्वतःच मनाशी तसं ठरवून मोकळा होतो. हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या चूक आहेच. पण एखादी शहाणीसुरती बाई अशा टोकाला येते, त्याआधी तिच्या वाट्याला बरंच काही आलेलं असतं. मला त्याविषयी बोलायचं आहे.

गळ्यातली ग्रंथी पुरेसा रस तयार करत नाही, तेव्हा लिव्होथायरॉक्सिनची गोळी त्याची भरपाई करते. तिची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या बारीक हिशेबाच्या औषधाची मात्रा आपल्या मनाने दुप्पट केली, तर छातीत धडधडतं, हात थरथरतात, झोप उडते. उतारवयात हृदयाचे ठोके बिघडू शकतात, पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होऊ लागतात. वजन उतरलंच, तर त्यात स्नायूही झिजलेले असतात. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकट आखून इशारा छापलेला असतो, की हे वजन कमी करण्यासाठी वापरू नये.

खरं तर थायरॉईड कमी पडल्याने वाढणारं वजन बहुतेकांच्या बाबतीत दोन ते पाच किलोंच्या आसपास असतं. त्यातही चरबीपेक्षा अंगात साठलेलं मीठ आणि पाणी जास्त. मात्रा नीट बसली की तेवढं उतरतं. उरलेल्या वजनामागे वय असतं, बाळंतपणं असतात, अपुरी झोप, जेवणाच्या वेळा, दुसरी औषधं असतात. ही गोष्ट रुग्णाला कुणी समजावून सांगत नाही. मग सहा-आठ आठवड्यांनी टीएसएचचा, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट येतो, आकडा मर्यादेत असतो, काटा मात्र हललेला नसतो. घरातलं कुणीतरी विचारतं, ‘‘आता रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग?’’

तो ‘मग?’ फार क्रूर असतो. आधी आजार हे निमित्त मानलं जात होतं, आता तेही काढून घेतलं जातं. उरते फक्त बाई आणि तिचा आळस, असा निकाल विचारणाऱ्याने दिलेला असतो. ताप आलेल्या माणसाला आपण तुझ्या स्वभावामुळे ताप आला असं म्हणत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र हळदीकुंकवाला दारातच ‘‘किती सुटलीस गं!’’ म्हणायचा परवाना प्रत्येकाला मिळालेला असतो. शंभरची गोळी घ्यायचा विचार तिच्या मनात येतो तो अशाच एखाद्या दारातून परत येताना.

ज्यांना थायरॉईडच्या जोडीला आणखी एखादा जुना आजार असतो, त्यांची स्थिती तर फारच अवघड. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी 1912 साली ज्या विकाराचं वर्णन केलं, त्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटते. असे उलटण्याचे आजार पुष्कळदा जोडीने येतात. आमवात असेल तर स्टिरॉईड सुरू होतं, त्याने भूक खवळते, चेहरा सुजतो. सांधे इतके दुखतात की जिना उतरणंही नको होतं, आणि त्याच आठवड्यात दुसरे डॉक्टर लिहून देतात, ‘रोज पाऊण तास चाला’. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. त्यांच्या सूचनांची सांगड घालायचं काम मात्र दमलेल्या रुग्णावर येऊन पडतं, आणि ते जमलं नाही की काटा तिच्याविरुद्ध साक्ष देतो.

थायरॉईडच्या या औषधाचा इतिहास आठवला की मला फार बरं वाटतं. 1891 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथल्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून 46 वर्षांच्या एका बाईवर उपचार सुरू केले. तोवर या आजारावर खात्रीचा इलाज नव्हता. माणूस सुजत, मंदावत, गारठत जायचा. ती बाई पुढे 28 वर्षं जगली. आज हीच भरपाई साध्या गोळीतून होते आणि ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते. एवढी मोठी गोष्ट आपण कंबरेच्या मापावर तोलायला लागलो आहोत.

आणि ज्या गोष्टीवर आज गोळी घेणाऱ्या बाईच्या उपचाराचं यश खरोखर अवलंबून असतं, तिच्याकडे घरात कुणाचं लक्ष नसतं. ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तासांचं अंतर. कागदावर हे सोपं दिसतं. पण ज्या घरात पहाटे नळाला पाणी येतं, कुकर लावायचा असतो, दोन डबे भरायचे असतात, सासऱ्यांना उठल्याबरोबर चहा लागतो, तिथे सगळ्यांसाठी चहा टाकणारी बाई ओट्यापाशी उभ्यानेच दोन घोट घेते आणि मग तिला गोळी आठवते. चहासोबत गेलेली गोळी पुरती शोषली जात नाही. टीएसएच वाढतो, डॉक्टर मात्रा वाढवतात, थकवा तसाच राहतो. संकष्टीला ‘उपास आहे’ म्हणून गोळी टाळणाऱ्याही आहेत. खरं तर रिकाम्या पोटाची ही गोळी उपासाच्या दिवशी घ्यायला काहीच हरकत नसते.

तिच्या जेवणातला भात मोजणारे घरात पुष्कळ असतात. पण तो सकाळचा अर्धा तास तिला मिळाला का, हे कुणी विचारत नाही. ज्यांची सकाळ त्यांच्या हातात नसते, अशा काही जणींना डॉक्टर रात्री झोपताना, जेवणानंतर तीनेक तासांनी गोळी घ्यायला सांगतात, आणि तसंही चालतं. अशी सोय आहे हे चांगलंच. तरी मला विचारावंसं वाटतं, की औषधाची वेळ बदलायची बोलणी होण्याआधी त्या घरात सकाळचा पहिला चहा दुसऱ्या कुणी करून पाहिला होता का?